माळाचाही एखादा फोटो छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाला आपण ‘आपल्या जिल्ह्यातील छायाचित्रकार’ असं निसर्गचित्रांचं पूर्ण पान काढलंत. पान देखणं झालं होतं. लडाखचं पँगाँग होतं, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा होता, कासच्या पठारावरची फुलं होती, ताडोबातली वाघीण पाण्यात बसलेली होती. काढणारी पोरं सगळी आपली, सोलापूर-बार्शी-पंढरपूरची. खर्च करून, रजा टाकून लांब लांब गेलेली. त्यांचं कौतुक आहेच. पण सोलापूर जिल्ह्याच्या मातीला त्या पानावर एकच चौकट मिळाली होती. भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर कपाळाला हात लावून बसलेले एक आजोबा. आजोबांची सावली बरोबर त्यांच्या बुडाखाली, म्हणजे टळटळीत बाराचा सुमार. आमच्याकडचा कुठलाही शहाणा म्हातारा त्या वेळी उघड्या रानात बसत नाही, बाभळीखाली जाऊन आडवा होतो. कुणीतरी त्यांना तिथं बसवलं होतं हे उघड आहे. असो.

दुष्काळाचा फोटो छापू नका असं मी म्हणत नाही. दुष्काळ आहे, तो दिसलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या जिल्ह्याला दुष्काळापलीकडे काही रूपच नाही असं तुम्हाला वाटतं का? आणि तुमचं पान बघून कॅमेरा घेणाऱ्या नव्या पोरांनाही तसंच वाटायला लागलं तर?

मी कोण हे सांगतो. मी एसटीचा निवृत्त वाहक. १९८२ साली कामाला लागलो आणि पहिल्या दिवाळीच्या पैशातून एक जुना आग्फा क्लिक थ्री विकत घेतला. काळा डबा, गळ्यात पट्टा. फोकसची भानगड नाही, एका रोलवर चौकोनी बारा फोटो. रोल आणि धुलाई मिळून पगाराला चांगलं भोक पडायचं, म्हणून बटणावर बोट ठेवून कितीतरी वेळा तसाच परत फिरलोय. पुढं नव्या पेठेतल्या एका स्टुडिओवाल्या मित्राकडून हप्त्याहप्त्यानं रशियन झेनिट घेतला. तो हातात धरला की मनगट भरून यायचं, पण भिंगाची काच उत्तम.

एसटीत मला फोटोग्राफीची शाळा मिळाली ती मुक्कामी गाडीमुळे. संध्याकाळची शेवटची फेरी एखाद्या आडगावाला जाते, गाडी रात्रभर तिथंच राहते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. बहुतेक जणांना मुक्काम म्हणजे शिक्षा वाटायची. डास, पाण्याची बोंब, घर लांब. मी मात्र मागून घ्यायचो. कारण सूर्य उगवतो तेव्हा शहरातला माणूस पांघरुणात असतो आणि मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ऐन जागेवर उभा असायचो, फुकट.

उन्हाळ्यात झोपायला टपावर. जुन्या लाल गाड्यांना मागं लोखंडी शिडी असायची, टपावर सामानाची जाळी. तिथंच मला एक गोष्ट उमगली, जी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. आपला मुलूख सपाट आहे. जमिनीवर उभं राहून फोटो काढला की पुढचं रान, मागचं रान, ओढा, बांध सगळं एका चिंचोळ्या पट्टीत दाबलं जातं, वर नुसतं आभाळ राहतं. तेच टपावरून बघा. माणसाच्या डोक्यावर अजून दोन-अडीच मीटर चढलात की पट्ट्या सुट्या होतात. ज्वारीचं रान, त्याच्या कडेनं करडईची पिवळी-केशरी ओळ, मग हरभरा, मग काळी पडलेली मोकळी जमीन, त्यातून जाणारी बैलगाडीची चाकोरी. डोंगरातल्या माणसाला उंची आयती मिळते, आम्हाला एसटीच्या टपाची लागली. आता नव्या गाड्यांना शिडी नाही आणि टपावर चढू देत नाहीत, ते बरोबरच आहे. पण ट्रॅक्टरची ट्रॉली, विहिरीचा कठडा, मचाण, काहीही चालतं. एवढ्यासाठी ड्रोन घ्यायची गरज नाही.

माझ्या जोडीला बरीच वर्षं असलेला चालक अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. मी पहाटे टपावर कॅमेरा लावून बसलो की खालून विचारायचा, “काय काढायलास बे तिथं? काय तर हाय का?” त्याला दाखवायचो, तर म्हणायचा, “ह्ये तर आपलं रोजचंच रान की!” त्याचा हा शेरा मला आजवर मिळालेला सगळ्यात अवघड शेरा आहे, कारण तुमच्या पानावर फोटो निवडणाऱ्यांचंही तेच मत दिसतं.

रोजचं रान म्हणता, तर उजेडाचं गणित बघा. सोलापूर साडेसतरा अंशाच्या जरा वर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथं एक दुपार अशी येते की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीला सावलीच पडत नाही. जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा तसंच होतं. सावली नाही म्हणजे फोटोत उंचसखल नाही. माळ असला काय आणि मैदान असलं काय, सगळं पांढरटच येतं. उलट डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून कलता चालतो, भर दुपारीसुद्धा ढेकळाला सावली असते. इंग्रजी पुस्तकांत सकाळच्या सोनेरी तासाबद्दल लिहिलेलं असतं. ते थंड मुलखाचं. तिकडं सूर्य तिरका तिरका चढतो. आपल्याकडं तो सरळ वर येतो, अर्धा तास झाला की संपलं. म्हणून इथं फोटो काढायचा तर सूर्य उगवायच्या आधी जागा ठरलेली पाहिजे, पाय रोवलेले पाहिजेत. नंतर धावपळ करून काही हाती लागत नाही.

आणि आभाळ! सह्याद्रीवाल्यांना पावसाळ्यात चार महिने धुकं आणि राखाडी छत. आम्ही पर्जन्यछायेत. मे महिन्यातल्या वळवाचा ढग इथं पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो, मध्ये एक टेकडी आड येत नाही. तीस-चाळीस किलोमीटरवर पाऊस पडत असतो आणि तुम्ही कोरड्या रानात उभं राहून त्याचा पडदा सरकताना बघता. कृष्णधवल फिल्मवर निळं आभाळ पांढरं पडतं आणि ढग त्यात विरून जातात. भिंगावर पिवळी काच लावली की निळा रंग गडद येतो आणि ढग सुटतो. पिवळ्या काचेवर खर्च केलेल्या पैशाइतका पैसा माझा दुसऱ्या कशात वसूल झाला नाही. पावसाचं म्हणाल तर आपल्याकडं खरा जोर सप्टेंबरात. त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस हवा अशी धुतलेली असते, की मैलभरावरचं मेंढरू वेगळं मोजता येतं.

धुलाईची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिल्म डेव्हलप करायला पाणी वीस अंशाचं लागतं. सोलापुरात मे महिन्यात नळाचं पाणी रात्री दहा वाजतासुद्धा हाताला गरम. जास्त गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, सुरकुततो, कधी सुटूनच येतो. मित्राच्या स्टुडिओत मागं अंधारी खोली होती. गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून मोगरीनं फोडायची, मोठ्या घमेल्यात बर्फाचं पाणी करायचं आणि त्यात औषधाची टाकी गळ्यापर्यंत बुडवून ठेवायची. बर्फ औषधात टाकायचा नाही, ते पातळ होतं. थर्मामीटर हातात धरून घाम पुसत बसायचं. बाहेर मित्राची आई ओरडायची, “अरे बर्फ आणलाय तर थोडा पन्ह्यात तरी टाका!” फिल्म, हायपो (फोटो पक्का करणारं औषध), धुणं असं सगळं होऊन निगेटिव्ह दोरीवर वाळत टाकेपर्यंत बारा वाजून जायचे, आणि मग खिडकी उघडायची नाही, कारण ओल्या फिल्मवर धूळ बसली की जन्माची बसते. आपल्याकडं कोकणासारखी भिंगाला बुरशी लागत नाही हे सुख, पण धुळीनं त्याचा सूड पुरेपूर उगवलाय.

आता मुद्द्यावर येतो. बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे हे सोलापूरकरांना सांगायला नको. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, शेजारच्या नगर जिल्ह्यापर्यंत पसरलेलं. पुढं आखणी बदलून ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. बार्शी फेरीला असताना रस्त्यावरून माळढोक मी बघितलाय. झेनिटला ५८ मिलिमीटरची साधी काच, म्हणजे डोळ्याला दिसतं तेवढंच. त्या फोटोत खालच्या एक तृतीयांशात कुसळी गवत, वर ऑक्टोबरचं आभाळ आणि डावीकडं एक उभा ठिपका. लोक विचारतात, पक्षी कुठाय? बोटानं दाखवावा लागतो. मान ताठ, एकटा, चारी बाजूंना मोकळा माळ.

आजकालची पोरं सहाशे मिलिमीटरच्या तोफा घेऊन येतात. त्यांच्या फोटोत पिसं मोजून घ्या. डोळ्यात आभाळाचं प्रतिबिंबसुद्धा दिसतं. पण मागं काय असतं? एक मऊ तपकिरी धुरळा. तो धुरळा म्हणजेच माळ आहे हो! तेवढाच पुसून टाकतात आणि वर खाली निसर्गचित्र म्हणून लिहितात. धाविक असो, चंडोल असो, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा भोवत्या असो, सगळे पक्षी त्याच मऊ धुरळ्यावर चिकटवल्यासारखे. माळढोक जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, बहुधा एकच. त्याला झाड नको, झुडूप नको, लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा हवी. ती जागाच फोटोत आली नाही, तर ती गेल्यावर कुणाला कळणार? आज नान्नजला माळढोक दिसला तर तुम्हीच त्याची बातमी करता, इतका तो दुर्मीळ झालाय.

फोटोनं जागा वाचते हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत १८७१ साली विल्यम हेन्री जॅक्सन नावाचा फोटोग्राफर सरकारी मोजणीच्या तुकडीबरोबर यलोस्टोनला गेला. काचेच्या पट्ट्या, औषधं, तंबू असा सगळा पसारा घेऊन. ते फोटो तिथल्या संसदेच्या सदस्यांना दाखवले गेले आणि पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्याच ॲन्सेल ॲडम्स या फोटोग्राफरनं सिएरा नेवाडा पर्वताचे फोटो काढले, त्यांचा उपयोग होऊन १९४० साली किंग्ज कॅन्यन उद्यान झालं. पण बघा, दोन्ही ठिकाणं डोंगर, दऱ्या, धबधब्यांची. डोळ्यात भरणारी. सपाट गवताळ रानाच्या नशिबी असा जॅक्सन फारसा आलाच नाही. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळाचे मोठमोठे तुकडे पडीक म्हणूनच रंगवलेले आहेत. पडीक ठरलं की तिथं काहीही करायला मोकळीक.

त्यात आपले वृक्षारोपणवाले. मन चांगलं आहे त्यांचं, मी नाकारत नाही. शाळेच्या पोरांना ट्रकमधून माळावर नेतात, खड्डे काढून रोपं लावतात, टोपी घालून फोटो काढतात आणि ‘उजाड माळरान हिरवं करण्याचा संकल्प’ अशा मथळ्याखाली तुम्ही तो छापता. गवताच्या माळावर दाट झाडं लावणं म्हणजे काळविटाच्या आणि माळढोकाच्या घरात भिंती घालणं. झाडं लावायला शहरातले रस्ते आहेत की, सावलीवाचून तडफडताहेत! नोव्हेंबरात याच माळावर या. कमरेएवढं गवत पिकलेलं असतं, वाऱ्याबरोबर एका दिशेनं वाकतं, उन्हाच्या समोरून बघितलं की प्रत्येक कुसळाला उजेडाची कड असते. काळविटांचा कळप त्यातून जाताना नुसती शिंगं सरकताना दिसतात. ह्याला उजाड म्हणणाऱ्यानं एकदा गुडघ्यावर बसून बघावं. पायजम्यात कुसळं शिरतील, ती मात्र घरी जाऊन शांतपणे काढायची.

माझ्याकडं एका जागेचे फोटो आहेत, दरवर्षी ज्वारी निसवायच्या सुमाराला काढलेले. मोहोळ तालुक्यातला एक मैलाचा दगड, त्याच्या शेजारी उभं राहून पश्चिमेकडं बघायचं. सुरुवातीच्या फोटोंत ज्वारी, मागं माळाची उठावाची रेघ, त्यावर एकटं कडुलिंब. मग कालव्याचं पाणी आलं. आधी एका पट्टीत ऊस दिसतो, मग दोन्हीकडं, आणि आता तिथून काढलेला फोटो म्हणजे नुसती उसाची हिरवी भिंत. माळ नाही, लिंब नाही, क्षितिजच नाही. शेतकऱ्यानं ऊस लावला त्याला मी नावं ठेवत नाही. त्याची पोरं त्या उसावर शिकली, त्यातली काही माझ्याच गाडीतून पास काढून कॉलेजला गेली. पण तिथं आधी काय होतं हे सांगणारी त्या जागेची दुसरी कुठलीही नोंद माझ्या पाहण्यात नाही. सातबाऱ्यावर पीक लिहितात, क्षितिज लिहीत नाहीत.

असे फोटो फक्त माझ्याकडं असतील असं नाही. जिल्ह्यातल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर, निवृत्त मास्तरांच्या ट्रंकांत, कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या बाजूला रान आलेलं असेल. उजनी धरण भरण्याआधीचा भीमेचा काठ कुणी टिपलेला असेल. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी तळाशी गेलं, की पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं, ते तुम्ही हौसेनं छापता. पण तो काठ पाण्याखाली जायच्या आधी दिसायचा कसा? हत्तरसंग-कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर सगळे १०१८ सालच्या शिलालेखाचा आणि बहुमुखी लिंगाचा फोटो काढतात. संगमाकडं पाठ करूनच काढतात. दोन नद्यांची पाणी निराळ्या रंगांची येऊन मिळतात त्याचा पावसाळ्यातला फोटो मला तरी कुठं छापलेला दिसला नाही.

तेव्हा विनंती अशी. रविवारच्या पानाचा एक कोपरा जिल्ह्याच्या भूचित्राला द्या. लांबचा नको, इथलाच. खाली तालुका, महिना आणि वर्ष एवढंच लिहा. कवितेच्या ओळी टाकू नका, फोटोचं तोंड दाबलं जातं. करमाळ्याकडच्या उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आले की तोही छापा, पण एखादा असा की ज्यात पाणी, गाळ, मासेमाराची होडी आणि पलीकडचा काठही आहे. वाचकांना जुने फोटो पाठवायला सांगा. निगेटिव्ह तशाच कपाटात राहिल्या तर आमच्या पिढीबरोबर भंगारात जाणार. मोबाइलवर काढलेलेही चालतील की. मोबाइलची काच रुंद असते, माळाला तीच सोयीची. कॉलेजातल्या ज्या पोरीपोरांना लडाखचा खर्च झेपत नाही, त्यांना सांगा, पहाटे सिटी बस सुरू व्हायच्या आधी सायकल काढा आणि हिप्परग्याच्या तळ्यावर जा.

आणि एक पथ्य मात्र पाळा. लांडग्याची गुहा, घुबडाची ढोली, टिटवीचं घरटं, असल्या फोटोखाली गावाचं नाव देऊ नका. गेल्या काही वर्षांत मी डोळ्यांनी बघतोय, एक फोटो फिरला की दुसऱ्या रविवारी चार जीपगाड्या माळावर. लांडगीण पिलं तोंडात धरून जागा बदलते, गाड्या तिच्या मागं. मेंढपाळाची कुत्री भुंकतात, तो हात जोडतो, कुणी ऐकत नाही. मोबाइलमधून आणि काही कॅमेऱ्यांतून काढलेल्या फोटोत जागेची नोंद आपोआप बसू शकते, तीही काढून टाकायला सांगा. छापलेल्या कागदावर ती दिसत नाही, पण तुमच्या संकेतस्थळावर फोटो मूळ स्वरूपात चढला तर कुणालाही वाचता येते.

सोबत तीन प्रिंट जोडत आहे. एक वळवाच्या ढगाचा, एक मैलाच्या दगडापासूनचा, एक माळावरच्या लांडग्यांचा. पहिल्या दोघांच्या पाठीमागं गाव, महिना, वर्ष लिहिलं आहे. तिसऱ्यामागं गाव मुद्दाम लिहिलेलं नाही. विचारणा झाली तरी सांगणार नाही, फोन करू नये.

कळावे,
आपला नित्य वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक, सोलापूर